दुरावलेले नाते आणि वारसाचा हक्क

मुरबाडच्या बाजारपेठेतील एक जुने किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब कल्पित आहे. परंतु अशी कुटुंबे कोणत्याही तालुक्याच्या गावी आढळतात. दुकानाचे मालक अकस्मात वारले. उठावण्याच्या दिवशी नातलग, व्यापारी मंडळी बसलेली असताना दाराशी एक प्रौढ स्त्री आणि तिची तरुण मुलगी येऊन उभी राहिली. बावीस वर्षांपूर्वी ही स्त्री मुलीला कडेवर घेऊन शहापूरला माहेरी गेली, ती परत आली नाही. ना पतीने तिला आणण्याचा प्रयत्न केला, ना कोणी न्यायालयाची पायरी चढले. या बावीस वर्षांत धाकट्या भावाने दुकानात राबून ते वाढविले, वृद्ध आईचे औषधपाणी केले. मृत्युपत्र मात्र कोणी केले नव्हते.

दुकानाचा गाळा, बँकेतील ठेवी आणि शहापूर तालुक्यातील दोन एकर जमीन हे सर्व दिवंगताच्या स्वकष्टाचे व एकट्याच्या नावावर. आता त्याचे वारस कोण? बैठकीत बसलेल्या बहुतेकांचे उत्तर असेल, ‘आई आणि भाऊ.’ कायद्याचे उत्तर वेगळे आहे. पत्नी, मुलगी आणि आई या तिघींना प्रत्येकी एक तृतीयांश. भावाला काहीही नाही.

वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यांत पुत्र, कन्या, विधवा आणि माता यांचा समावेश आहे. भाऊ वर्ग दोनमध्ये येतो; वर्ग एकचा एक जरी वारस हयात असेल, तरी त्याची पाळी येत नाही. ‘विधवा’ म्हणजे मृत्यूच्या दिवशी जिच्याशी विवाह कायद्याने अस्तित्वात होता ती स्त्री. ती एका छपराखाली राहत होती का, तिने सेवा केली का, दोष कोणाचा होता, हे प्रश्न कायदा विचारीत नाही. मिळकतधारकाचा खून करणारा किंवा त्यास साहाय्य करणारा मात्र कलम २५ नुसार वारसा गमावतो.

‘सात वर्षे वेगळे राहिले की नाते आपोआप तुटते’ हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो पूर्णतः चुकीचा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. पण कारण असणे आणि हुकूमनामा मिळणे यांत मोठे अंतर आहे. न्यायालयाने केवळ न्यायिक विभक्तता दिली असेल, तरीही विवाह टिकून राहतो. पंचांसमोर मुद्रांक कागदावर लिहिलेल्या फारकतीने अथवा नोटरीच्या शिक्क्याने विवाह संपत नाही. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोट होत असेल तर कायदा तो मानतो. मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते.

अशा कागदांत बहुधा एक वाक्य असते: ‘यापुढे पतीच्या मिळकतीवर माझा हक्क राहणार नाही.’ मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ प्रमाणे भविष्यात वारसा मिळण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. पतीच्या हयातीत पत्नीचा वारसाहक्क जन्मालाच आलेला नसतो. म्हणून असे आगाऊ हक्कसोडीचे कागद सामान्यतः न्यायालयात टिकत नाहीत.

जैन कुटुंबांना कोणता कायदा?

२७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. २०२५ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने याच कारणावरून एका जैन दांपत्याचा हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज फेटाळला होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विवाह आणि उत्तराधिकार या दोन्ही अधिनियमांच्या कलम २ मध्ये जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जाने त्यात फरक पडलेला नाही.

येथे एक जुनी गोष्ट अभिमानाने स्मरावी अशी आहे. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने सरावगी अग्रवाल जैनांतील रूढी मान्य करून, पुत्रहीन विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण मालकीहक्क असल्याचा निवाडा दिला. सर्वसाधारण हिंदू विधवेला त्या काळी केवळ हयातीपुरता मर्यादित हक्क होता. पत्नीचा हक्क आपल्या समाजात अलीकडे बाहेरून आलेला नाही.

नामनिर्देशन आणि मालकी

व्यापारी कुटुंबांत सर्वाधिक गोंधळ होतो तो ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी. आपल्या उदाहरणात दिवंगताने ठेवींवर भावाचे नाव लावले होते. बँक नियमाप्रमाणे रक्कम भावाच्या हाती देईल आणि तिची जबाबदारी तेथे संपेल; भावाची मात्र तेथून सुरू होईल. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. विमा पॉलिसीबाबत १९८४ मध्ये आणि बँकेच्या ठेवींबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

शेअर्सच्या बाबतीत मुंबईत मोठा वाद झाला. एका पतीने शेअर्ससाठी पुतण्याचे नामनिर्देशन केले होते; २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने विधवेविरुद्ध पुतण्याच्या बाजूने निर्णय दिला. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या एका प्रकरणात तो दृष्टिकोन नाकारला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चारपर्यंत नामनिर्देशने करता येतात; त्यामुळे सोय वाढली, हे तत्त्व बदलले नाही.

दुसरा संसार थाटला असेल तर गुंता वाढतो. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. पतीने पहिल्या पत्नीला घटस्फोट न देता दुसऱ्या स्त्रीबरोबर संसार केला, तिच्यापासून चार मुले झाली, भविष्य निर्वाह निधीवर तिचेच नाव लावले. न्यायालयाने रक्कम वसूल करण्याचे प्रमाणपत्र त्या दुसऱ्या स्त्रीला दिले. पण वारस म्हणून पहिली पत्नी आणि चार मुले यांनाच धरले व पहिल्या पत्नीचा एक पंचमांश हिस्सा सुरक्षित ठेवला. अवैध विवाहातील मुले आईवडिलांच्या मिळकतीत वारस ठरतात, ती स्त्री मात्र पत्नी म्हणून वारस ठरत नाही.

उलट बाजू

हा कायदा दुरावलेल्या पतीलाही तितकाच लाभ देतो, हे माहेरी राहणाऱ्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. शिवणकाम वा नोकरी करून एखादीने घर घेतले आणि ती मृत्युपत्राविना वारली, तर कलम १५ नुसार ते घर मुले आणि पती यांच्याकडे जाते. मूलबाळ नसेल तर एकट्या पतीकडे. जिने आयुष्यभर आधार दिला ती आई त्यांच्यानंतर येते. केवळ आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

मे २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. १९५५ साली विवाह झालेल्या एका तरुणीचा पती तीन महिन्यांत सर्पदंशाने वारला. सासरहून तिला घालवून दिले गेले. माहेरच्यांनी शिकविले, ती नोकरीला लागली, १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या स्वतःच्या कमाईचे वारस ठरले ते पतीच्या बहिणीचे मुलगे. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असे न्यायालयाला म्हणावे लागले. तिने दोन साक्षीदारांसमोर एक कागद केला असता, तर हे टळले असते.

जमीन, पेढी आणि कर्तव्य

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा ठिकाणी जमिनीला मोल येते आणि तलाठ्याकडील वारसनोंद वादाचा विषय बनते. मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. त्या वेळी प्रतिज्ञापत्रात पत्नी व मुलीचे नाव गाळणे हा खोटेपणा आहे. शिवाय त्याने काही साधत नाही. फेरफार आणि सातबारा यांनी मालकी निर्माण होत नाही, गाळलेली वारस पुढे दिवाणी दावा करू शकते आणि जमीन घेणाराही अडचणीत येतो.

पेढी भागीदारीची असेल, तर वारस आपोआप भागीदार होत नाहीत. पण दिवंगताचा हिशेब त्यांना द्यावाच लागतो. हिशेब न करता व्यवसाय चालू ठेवला आणि करारात वेगळे ठरलेले नसले, तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३७ नुसार त्या हिश्श्यावरचा नफा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज मागण्याचा पर्याय वारसांना असतो.

मुरबाडच्या त्या धाकट्या भावावर अन्याय झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो अन्याय वहिनीने केलेला नाही. थोरल्या भावाने त्याला भागीदारीपत्रात घेतले नाही, पगार लावला नाही, मृत्युपत्रात त्याच्या श्रमाची नोंद केली नाही. कलम ३० नुसार आपली मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. त्यासाठी दोन साक्षीदार पुरेत, नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही पत्नीला पूर्ण वगळल्यास ती मिळकतीतून निर्वाहाची मागणी करू शकते, हे लक्षात ठेवावे. संबंध जुळणारच नसतील, तर मध्यस्थीने निर्वाहाची रक्कम ठरवून परस्परसंमतीने घटस्फोट घेणे हा दोघांच्याही सन्मानाचा मार्ग आहे.

आता भावापुढे एकच वाट उरते. वहिनी, पुतणी आणि आई यांच्यासमोर वह्या उघड्या ठेवून हिशेब मांडावा, आणि आपल्या श्रमाचे मोल त्यांच्याकडून मागावे. आई स्वेच्छेने आपला हिस्सा त्याला देऊ शकते. वहिनी दुकान चालविण्यासाठी त्याच्याशी करार करू शकते. हे सारे संमतीने होऊ शकते, लपवून नाही. न दिलेले घेऊ नये, हे व्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बावीस वर्षे दूर राहिलेल्या स्त्रीचा एक तृतीयांश हिस्सा हेही त्या व्रतातील ‘न दिलेले’च होय.