विवर कशाने झाले? दगडांना विचारू या!

लोणारच्या सरोवराची माहिती वर्गात सांगितली, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "तिथे अशनी पडला, तर मग तो गेला कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. एवढे मोठे विवर करणारा दगड तिथे सापडत नसेल, तर तो पडला होता हे कशावरून?

आधी दगडाचे काय झाले ते पाहू. मोठा अशनी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याच्या गतीतील ऊर्जेचे क्षणार्धात उष्णतेत आणि धक्क्याच्या लहरींत रूपांतर होते. तो स्वतः बहुतांशी वितळतो, त्याची वाफ होते. म्हणून पुरावा शोधायचा तो ज्या खडकाने हा मार सोसला त्या खडकात.

नुसता गोल आकार हा पुरावा नव्हे. ज्वालामुखीचे मुखही गोल असते. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि भोवतालचा सारा खडक बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचाच! १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अनेकांनी ते ज्वालामुखीचे मानले, यात नवल नाही.

पहिला धागा विवराच्या काठावर मिळतो. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. लोणारच्या काठावर मात्र ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी तर उलटे झालेले. हे वर्गात करून पाहता येईल. परातीत वाळूचा जाड थर द्या, त्यावर रांगोळीच्या रंगाची पातळ पूड पसरा आणि वरून गोटी टाका. खालची वाळू उडून रंगाच्या वर पडलेली दिसेल. अर्थात, गोटी तशीच शिल्लक राहते. तिचा वेग अशनीच्या मानाने नगण्य असतो.

परंतु जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटानेही थर उचलले जाऊ शकतात. म्हणून निर्णायक साक्ष सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी लागते. लोणारच्या तळाशी खोल छिद्रे घेऊन, सुमारे शंभर मीटर गाळाखालचे खडक बाहेर काढण्यात आले. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी १९७३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेसाल्टमधील फेल्डस्पार ह्या खनिजाची काच झाली होती. ह्या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. विशेष म्हणजे स्फटिकांचा बाह्य आकार तसाच होता, फक्त आतील अणूंची शिस्तबद्ध मांडणी मोडली होती. खनिज वितळून वाहिले असते, तर आकार टिकला नसता. असा बदल घडायला वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब क्षणभर तरी लागतो. ज्वालामुखीच्या स्फोटात दाब त्याच्या जवळपासही जात नाही. इथे वाद मिटला.

मात्र विवराच्या वयाबद्दल मते बदलत गेली. आधीच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे ठरले.

लोणारला निदान काठ तरी शाबूत आहे. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथे तोही नाही. ते विवर सुमारे ११ किलोमीटर व्यासाचे आणि १७० कोटी वर्षांहून जुने आहे. ऊनपावसाने त्याचा खोलगटपणाही नाहीसा केला. तरीही तेथील क्वार्ट्झच्या कणांत एकमेकांना समांतर अशा अतिसूक्ष्म रेषा आहेत. त्या जबर धक्क्यानेच उमटतात. त्यांच्याच आधारे ते विवर ओळखले गेले.

थोडक्यात, आकार शंका सुचवतो, थरांची रचना ती बळकट करते आणि खनिज निकाल देते. अवशेष जितका जुना, तितकी भिस्त शेवटच्या साक्षीदारावर. म्हणून लोणारची सहल काढाल, तेव्हा काठावरचे थर विद्यार्थ्यांना जरूर दाखवा, चित्रे काढायला सांगा, कल मोजायला सांगा. दगड मात्र उचलू देऊ नका. जागेवरून हललेला दगड कुठल्या थरातला होता, हे मग कोणालाच सांगता येत नाही.