चोवीस लाख माणसं, अठ्ठेचाळीस तास

२०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेच्या हद्दीत २४,०५,६६५ माणसं मोजली गेली. आज ती जास्तच असणार, पण हिशेबाला हाच आकडा घेऊ. समजा, एखाद्या सकाळी ठरलं की यातल्या प्रत्येकाच्या हातात परवा सकाळपर्यंत औषध पडलंच पाहिजे. तर काय काय करावं लागेल?

अठ्ठेचाळीस तासांची ही मुदत अमेरिकेतली. २००१ मध्ये तिथे टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले; बावीस जण आजारी पडले, त्यांतले पाच दगावले. हे जंतू श्वासावाटे आत गेले तरी लक्षणं दिसायला बहुधा काही दिवस जातात, आणि तेवढ्यात डॉक्सिसायक्लिनसारखं साधं प्रतिजैविक सुरू केलं तर आजार टळू शकतो. म्हणून २००४ पासून तिथल्या मोठ्या शहरांसमोर हे उद्दिष्ट ठेवलं गेलं: दोन दिवसांत सगळ्यांना औषध. नागपूरवर कुणी अँथ्रॅक्स टाकेल असं मला वाटत नाही. आपल्याला धडा घ्यायचा तर १९९४ चा घ्यावा. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरत हादरलं. तिथल्या दुकानांतून टेट्रासायक्लिन बघता बघता गायब झालं आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. औषध देशात होतं, स्वस्त होतं. ते कुणी, कुठे, कोणाला द्यायचं हे आधी ठरलेलं नव्हतं.

आता हिशेब. दिवसाला दोन गोळ्या, सुरुवातीला दहा दिवसांच्या, म्हणजे माणशी वीस. शहराला लागल्या चार कोटी ऐंशी लाख गोळ्या. आकडा मोठा वाटतो, पण या गोळ्या ट्रकमध्ये मावतात आणि नागपूर देशाच्या मध्यावर आहे. अडतं ते पुढे. महापालिकेचे ३८ प्रभाग आहेत. प्रत्येकात एका शाळेत वाटपाचं केंद्र उघडलं आणि माल पोहोचवण्यात पहिले बारा तास गेले असं धरू. उरले छत्तीस तास. एका केंद्रावर सुमारे ६३ हजार माणसं, म्हणजे मिनिटाला एकोणतीस, रात्रीसुद्धा. हे होणारं नाही. म्हणून नियम बदलायचा: घरटी एकानेच यायचं आणि सगळ्या घराचं औषध न्यायचं. घरात सरासरी पाच माणसं धरली तर मिनिटाला सहा जण. दहा रांगा लावल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात शंभर सेकंद.

या शंभर सेकंदांत काय घडतं तेच खरं तंत्र आहे. घरात किती जण? गरोदर कोणी? आठ वर्षांखालचं मूल आहे का, त्याचं वजन किती? या औषधाची कुणाला ॲलर्जी? एवढे प्रश्न रांगेत उभं असतानाच कागदावर भरून घ्यायचे. माणसांचा आकडा सोडून बाकी सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर माणूस सरळ गोळ्यांच्या टेबलावर जातो. एकही ‘हो’ आलं तर त्याला बाजूच्या खोलीत पाठवायचं, डॉक्टर तिथेच बसलेला असतो. डॉक्टरला रांगेच्या तोंडाशी बसवलं की केंद्र कोलमडलंच, कारण आपल्याकडे डॉक्टर दिसला की माणूस गुडघेदुखीसुद्धा विचारून घेतो.

ही झाली बफेची पद्धत: ताट घेऊन रांगेत यावं. दुसरी पंगतीची, वाढपी पानापाशी येतो. आणि नागपूरला पंगतीची चांगली सवय आहे, फक्त तिला आणीबाणीची तयारी कुणी म्हणत नाही. तिचं नाव हत्तीरोग मोहीम.

नागपूर हा हत्तीरोगाचा जिल्हा. डासातून शिरलेले सूक्ष्म जंत वर्षानुवर्षं शरीरात राहतात, आणि ज्याला ते आहेत त्याला बरेचदा पत्ताही नसतो. म्हणून रोगी-निरोगी असा भेद न करता सगळ्यांनाच गोळ्या द्यायच्या. देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत तीन औषधांची एकत्र मोहीम आधी सुरू झाली, त्यांत नागपूर होतं; इथे ती जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी घरोघरी जातात. तिन्हींपैकी डीईसी वयाप्रमाणे: दोन ते पाच वर्षं एक गोळी, सहा ते चौदा दोन, पुढे तीन. अल्बेंडाझोल एक, चावून खायची. आयव्हरमेक्टिन मात्र उंचीप्रमाणे. त्यासाठी कार्यकर्तीकडे खुणा केलेली पट्टी असते. तिच्यापाशी उभं केलं की ९० ते ११९ सेंटिमीटरला एक गोळी, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्यावर चार. मात्रा खरी वजनावर ठरते, पण वजनकाटा घेऊन चार जिने कोण चढणार? उंचीवरून वजनाचा पुरेसा अंदाज येतो. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळायची. उपाशी पोटी द्यायचं नाही. देऊन झालं की बोटाला शाई, घरावर खूण.

म्हणजे उंचापुऱ्या, धडधाकट माणसाला दारात उभं राहून आठ गोळ्या गिळायला सांगायचं, आणि त्याही समोरच. ‘ठेवून जा, जेवल्यावर घेतो’ हे वाक्य या मोहिमेचं सगळ्यात मोठं दुखणं. ठेवलेली गोळी फडताळात जाते. ज्याच्या रक्तात जंत असतात त्याला गोळीनंतर ताप येऊ शकतो, कारण आत जंत मरत असतात. पण गल्लीत बातमी पसरते ती ‘गोळी बाधली’ अशी. त्यासाठी डॉक्टरांचं पथक फोनच्या अंतरावर ठेवावं लागतं. आणि सकाळी दहाला कुलूप असलेल्या घरी संध्याकाळी पुन्हा जावं लागतं. कोणतं घर दिवसा बंद असतं, कुठे इमारतीचा वॉचमन आत सोडत नाही, कोणत्या मोहल्ल्यात कुणाचा शब्द चालतो, हे सगळं आशाताईला पाठ असतं. माझ्या मते शहराचा सगळ्यात मोलाचा साठा तो आहे.

गोळ्यांचा साठा करणं तुलनेने सोपं, तरी त्यात दोन खोड्या आहेत. पहिली नागपूरचं ऊन. पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेम्पोत काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून आणीबाणीचा माल वेगळा कुलूपबंद ठेवण्यापेक्षा तो रोजच्या वापरात फिरता ठेवावा: जवळच्या एक्सपायरीचा आधी दवाखान्यांत जाईल, तेवढाच नवा भरला जाईल. गंजीपेठेतल्या दवाबाजारात ठोक विक्रेते असंच करतात.

दुसरी खोडी मालाच्या खरेपणाची. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांना बनावट प्रतिजैविकं पुरवल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये ग्रामीण पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, असा पोलिसांचा आरोप आहे. प्लेगच्या दिवशी अशी खोकी उघडली गेली तर? साठ्यातले नमुने अधूनमधून प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत.

औषध अपुरं असलं की मात्र सगळं गणित उलटतं. तिथे वेगाला अर्थ नाही, प्रश्न न्यायाचा होतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, त्यावर दिल्या जाणाऱ्या रेमडेसिव्हिरची किरकोळ विक्री थांबवून कुप्या थेट रुग्णालयांना द्यायचं ठरलं आणि जिल्ह्यातलं वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, कोविडच्या खाटा आणि मिळालेल्या कुप्या यांचा मेळ तपासला आणि नागपूरला तातडीने १०,००० कुप्या देण्याचा आदेश दिला. वर्ध्यात या औषधाचं उत्पादन सुरू झालं ते मे महिन्यात, तोवर लाट ओसरू लागली होती. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच हे औषध न वापरण्याची शिफारस केली होती, हे कुप्यांसाठी लागलेल्या रांगांत कुणी कुणाला सांगितलं असतं तर मारच खाल्ला असता. वाटणीचा नियम टंचाईआधी लिहून जाहीर केलेला असला तर निदान कोर्टाची पायरी वाचते.

राहिली एक उलटी वाट, दिलेलं औषध परत घेण्याची. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ कफ सिरपच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. कारखान्यापासून दुकानापर्यंत बॅच बिलांवरून शोधता येते. दुकानातून ती बाटली कोणाच्या घरी गेली हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. वाटप केंद्राच्या कागदावर आणि आशाताईच्या रजिस्टरमध्ये घराच्या नोंदीपुढे बॅच नंबरचा एक रकाना वाढवला, की तीच माणसं त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी बाटल्या परत आणू शकतात. लिहायला पाच सेकंद लागतील, शंभरातले.