काटा कुठे आहे?

मुलांनो, सायकल पंक्चर झाली की तुम्ही काय करता? सोपं आहे! हातात धरून ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेता. पण दुकान आठ किलोमीटर लांब असलं तर? आणि सूर्य मावळायला आला असला तर?

आम्ही तिघं मित्र आठवीत असतानाची गोष्ट. डिसेंबरातला रविवार. भंडाऱ्याहून सकाळीच निघून कोक्याच्या जंगलाकडे सायकलींनी गेलो. अंतर साधारण वीसेक किलोमीटर. कोका अभयारण्य झालं ते पुढे २०१३ साली, आणि त्याच वर्षी ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातही आलं. पण बिबट्या आणि अस्वलं तेव्हाही होतीच. म्हणून घरून ताकीद होती, "दिवे लागायच्या आत घरी!"

परतताना साडेचारला माझं मागचं चाक बसलं. धान कापून झालं होतं. बांध्यांच्या कुंपणाच्या वाळक्या बाभळीच्या फांद्या रस्त्याने ओढून नेलेल्या, त्यामुळे काटेच काटे! पण आम्ही घाबरलो नाही. पिशवीत पंप होता, पॅच होते, सोल्यूशन होतं. अर्ध्या तासात पंक्चर जोडलं, हवा भरली आणि ऐटीत निघालो.

एक किलोमीटर गेलो नाही तोच पुन्हा फुस्स!

पुन्हा ट्यूब काढली. पण घाईत सोल्यूशनचं झाकण नीट लावलेलं नव्हतं. नळी पिशवीत दबून सगळं बाहेर सांडलेलं. झालं! अंधारात सायकल ढकलत निघालो. बाजूच्या झुडपात पाचोळा वाजला की तिघंही एकदम गप्प. पुढच्या गावात कंदिलाच्या उजेडात बसलेले एक दुकानवाले काका भेटले. त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि हसले, "काहून बे पोट्टेहो, ट्यूब जोडली, पन काटा तर टायरातच हाये!"

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आई रस्त्यावर येऊन उभी होती. ती रागावली नाही, पण तिचे डोळे पाहून मला रागावण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी कळलं, सामान जवळ असणं वेगळं आणि ते वापरता येणं वेगळं. दोन्ही हवं.

पिशवीत काय ठेवाल?

१. छोटा पंप. तो आपल्याच सायकलच्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे घरीच पाहा. साध्या काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटारसायकलसारखा जाड वेगळा आणि काही गिअरच्या सायकलींचा बारीक वेगळा.
२. टायर काढायच्या दोन पट्ट्या. पेचकस खुपसू नका, ट्यूबला नवं भोक पडतं.
३. पॅच, सोल्यूशन आणि पॉलिश पेपरचा तुकडा. सोल्यूशन लवकर पेट घेतं, म्हणून ते चुलीपासून, काडीपासून लांब. उघडलेली नळी हळूहळू वाळते, म्हणून निघण्यापूर्वी दाबून पाहा.
४. साध्या सायकलसाठी व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन तुकडे.
५. चाकाच्या नटांना बसणारा पाना आणि जमल्यास एक जादा ट्यूब.
६. जुनं फडकं, सुतळी आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर चिरला तर तो आतून लावला की तात्पुरतं भागतं.
७. पाणी आणि थोडे सुटे पैसे.

आता पंक्चर कसं काढाल?

आधी हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडे आले तर पंक्चर नाहीच, बिचारी व्हॉल्व्ह ट्यूब कुजली आहे! ती बदला.

बुडबुडे नाही आले तर सायकल उलटी करा. साध्या पंक्चरसाठी अख्खं चाक काढावं लागत नाही. टायरची एक बाजू पट्टीने उचला, ट्यूब बाहेर ओढा आणि हवा भरून गालाजवळ फिरवा. बारीक वारा लागेल. बांधीत पाणी असलं तर त्यात बुडवून पाहा. भोकाभोवती पेनाने गोल काढा.

मग भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवर तेवढ्याच अंतरावर शोधा. चोर तिथेच लपलेला असतो! फडकं गुंडाळून टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवा. काटा निघाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. पाचेक मिनिटं! ओल्यावरच पॅच चिकटवला तर आतला द्रव उडून जायला वाट मिळत नाही आणि पॅच सुटतो. थर बोटाला चिकटेनासा झाला की पॅच जोरात दाबून बसवा.

हे काम आज सोपं वाटतं, पण आधी तसं नव्हतं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायला तास न् तास लागत, शिवाय वाळायला वेगळा वेळ. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी सहज निघणारा टायर बनवला आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत त्याच टायरवर शार्ल तेराँ पहिला आला. आणि आपल्या मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा? हे तिघं १९२३ साली सायकलवर निघाले आणि जगाला फेरी मारून १९२८ साली परतले. वाटेत वाळवंट होतं, जंगल होतं. कोपऱ्यावरचं दुकान नव्हतं!

आई-बाबांसाठी दोन शब्द

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली सायकलवर शाळेत जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक गरजू मुलींना सायकली मिळाल्या. पण सायकल पंक्चर होऊन पडली की शाळा बुडते, किंवा संध्याकाळी एकटीला चालत यावं लागतं. तेव्हा पंक्चर काढणं हे फक्त मुलांचं काम समजू नका. मुलीलाही पाना द्या, हात काळे होऊ द्या.

तर मित्रांनो, येत्या रविवारी अंगणात बसा. एखाद्या जुन्या ट्यूबला मुद्दाम भोक पाडा आणि जोडून पाहा. पहिल्यांदा चुकेल, दुसऱ्यांदा जमेल. मग घरी सांगून, सकाळी लवकर, दोघं-तिघं मिळून खुशाल लांब जा. आणि परतताना दिवे लागायच्या आत घरी, बरं का!