युद्धाचा पट, मद्याचा पेला आणि गाण्याचा सूर
(नभोवाणीवरील भाषण)

संगणकावर किंवा हातातील मोबाइलवर लढाईचे खेळ खेळणे ही गोष्ट आपल्या नागपुरात आता नवलाची राहिलेली नाही. महालात काय किंवा धरमपेठेत काय, दिवेलागणीनंतर घराघरांतून तरुण मंडळी कानांना हेडफोन लावून कोणत्या ना कोणत्या रणांगणावर गुंतलेली आढळतात. मुलगा खेळतो की नाही, हा प्रश्न पुष्कळ घरांत आता मागे पडला असून, खेळताना तो आणखी काय करतो, हा प्रश्न पुढे आला आहे. कित्येकांना खेळताना गाणी लागतात. वयाने वाढलेल्या कित्येकांना, चार मित्र जमले म्हणजे, पेलाही लागतो. आणि 'दोन घोट घेतले की हात मोकळा होतो' असे त्याचे समर्थनही ते करतात.

घरातील वडील मंडळी बहुधा या दोन्ही सवयींना एकाच तागडीत घालतात आणि दोहोंवर सारख्याच आवाजात रागावतात. माझे म्हणणे असे की, या दोन गोष्टी एका तागडीच्या नव्हेत. युद्धखेळापासून मनुष्याला जे खरे फळ मिळावयाचे, त्याच्या मुळावरच मद्य घाव घालते. संगीताची गोष्ट निराळी आहे. ते कधी साह्य करते, कधी आड येते, आणि कधी त्याचा काहीच परिणाम होत नाही. हा भेद कसा पडतो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम युद्धखेळ म्हणजे काय, ते पाहू. ही कल्पना परक्यांकडून आली, असे समजण्याचे कारण नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून 'चतुरंग' हे नाव पडलेला खेळ भारतातच जन्मला, आणि आपली बुद्धिबळे ही त्याचीच संतती होय. युरोपात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याने चौरस घरांचा पट सोडून खऱ्या भूमीचा नकाशा घेतला. प्रत्येक चाल म्हणजे लढाईची दोन मिनिटे, असे ठरविले. आणि मध्ये एक पंच बसवून प्रतिपक्षाच्या ज्या तुकड्या दिसण्याजोग्या नाहीत त्या झाकून ठेविल्या. सैन्यातील अधिकाऱ्यांना शिक्षण देण्यासाठी प्रशियाने हा खेळ स्वीकारला. आजचा संगणक त्या पंचाचेच काम करतो: हिशेब ठेवतो, लपवावयाचे ते लपवितो, आणि चुकीचे शासन तत्काळ करतो.

या खेळांच्या दोन जाती ध्यानात ठेवाव्यात. एका जातीत आळीपाळीने, विचार करून चाल करावयाची असते. १९९१ साली निघालेला 'सिव्हिलायझेशन' हा खेळ आणि संगणकावरील बुद्धिबळे या जातीची. दुसऱ्या जातीत शत्रू आपल्यासाठी थांबत नाही. 'काउंटर-स्ट्राइक' किंवा मोबाइलवरचा 'बीजीएमआय' हे खेळ त्या जातीचे. पहिलीत तासाचा विचार चालतो, दुसरीत पळाचाही चालत नाही.

दोहोंत मनाला जे काम पडते ते समजण्यासाठी आपल्या सीताबर्डीची लढाई पटावर मांडून पाहा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी ती सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी संपली. टेकडीची दोन शिखरे. इंग्रजांची फौज लहान, आप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पटींनी मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटे शिखर काबीज केले, आणि पारडे त्यांच्याकडे झुकले. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारली आणि लढाईचा रंग पालटला. आता भोसल्यांच्या बाजूने खेळणाऱ्याने काय करावे? शिखर मिळाल्याच्या आनंदात पुढे धावावे, की मैदानातील घोडदळाकडे आधी पाहावे? असा प्रश्न सोडविताना चार शक्ती लागतात: एकाच वेळी अनेक ठिकाणी अवधान, धोक्याचा अंदाज, हाताशी आलेली पण खोटी संधी सोडण्याचा संयम, आणि मागच्या डावातील चुकीची आठवण. यांपैकी शेवटची सर्वांत मोलाची. खेळातला जय दुसऱ्या दिवशी शिळा होतो. आपण का हरलो हे ज्याला कळले आणि आठवले, त्याचीच बुद्धी वाढते. पराभव येथे फुकट मिळतो, हाच युद्धखेळाचा मोठा उपकार होय.

आता मद्याकडे वळू. पोटात गेलेले मद्य मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरते आणि थोड्याच वेळात मेंदूपर्यंत पोहोचते. यकृत त्याचा निचरा ठराविक गतीनेच करते. थंड पाण्याने तोंड धुतल्याने वा कडक कॉफी घेतल्याने ती गती वाढत नाही. मेंदूतील मज्जापेशींना आवरून धरणारे जे रासायनिक संदेश असतात त्यांचा जोर मद्य वाढविते, आणि चेतविणाऱ्या संदेशांचा जोर कमी करते. त्याचा परिणाम कपाळामागील भागावर लवकर दिसू लागतो. आणि बेत आखणे, जोखीम तोलणे, मन आवरणे ही कामे त्याच भागाकडे असतात. अर्थात, वर सांगितलेल्या चार शक्तींपैकी अवधान, अंदाज आणि संयम या तिन्ही प्रथम ढळतात. आपल्या देशात १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास वाहन चालविणे गुन्हा ठरतो. एवढी थोडी मर्यादा घालण्याचे कारण हेच की, मनुष्य झिंगण्याच्या पुष्कळ आधी त्याचे अवधान फुटू लागते.

यातील विलक्षण फसवणूक अशी की, जी शक्ती ढळते तीच आपल्या खेळाची पारख करणारीही असते. त्यामुळे खेळ बिघडत असता तो सुधारल्यासारखा वाटतो. 'हात मोकळा झाला' असे जे म्हणतात ते एका अर्थी खरेच; पण मोकळा झालेला असतो तो हात नव्हे, लगाम सुटलेला घोडा होय.

चवथ्या शक्तीची, म्हणजे स्मृतीची, हानी सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत अधिक असते. नवीन आठवणी घडविणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याच्या कामात मद्य अडथळा आणते. शिवाय दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. मद्याने झोप लवकर लागली, तरी तिची घडी मोडते. म्हणून पेल्याच्या संगतीत खेळलेल्या दहा डावांतून एका डावाचीही शिकवण सकाळी हाती उरत नाही. जय मिळाला तर तो का मिळाला हे कळत नाही, आणि पराजय फुकट मिळालेला असूनही वाया जातो.

बुद्धिबळांच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३५ साली जगज्जेता अलेखिन याला हॉलंडच्या मॅक्स युवेने साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशा गुणांनी हरविले. युवे हा व्यवसायाने गणिताचा शिक्षक. अलेखिनचे मद्यपान हे या पराभवाचे एक कारण म्हणून त्या काळापासून सांगितले जाते. परंतु सारे श्रेय बाटलीला देणे हा युवेवर अन्याय होईल, कारण तो खरोखरच उत्तम खेळला होता. अलेखिनने पुढे पिणे आवरले, आणि १९३७ मध्ये त्याच युवेवर साडेपंधरा विरुद्ध साडेनऊ अशी मात करून त्याने पद परत मिळविले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, 'आम्हाला जगज्जेते व्हावयाचे नाही. आठवड्याची शिणवट घालविण्यासाठी आम्ही चौघे मित्र बसतो. हरलो तर हसतो.' या म्हणण्यात तथ्य आहे. प्रौढ माणसांच्या अशा बैठकीत खेळ हे केवळ निमित्त असते, आणि तेथे खेळ बिघडला म्हणून कोणाचे काही जात नाही. मात्र दोन वेळी हे समर्थन लंगडे पडते. एक, खेळाला पैसा जोडला असेल तेव्हा. कारण मग ढळलेला अंदाज सरळ खिशाला हात घालतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने ई-क्रीडा आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांत भेद केला, तो याच दृष्टीने समजून घ्यावा. दुसरी वेळ म्हणजे, पेल्यावाचून खेळच गोड लागेनासा होतो तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, खेळाच्या विकाराची गणना झाली आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि हानी दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची लक्षणे. मद्याच्या व्यसनाची लक्षणे याहून फारशी निराळी नाहीत. एका सवयीला दुसरी बांधली म्हणजे दोन्ही गाठी घट्ट होतात.

संगीताचा विचार याहून नाजूक आहे. चाल ठरविताना आपण मनातल्या मनात बोलत असतो: 'त्याने घोडा आणला, तर मी उंट काढीन.' हे अंतर्गत बोलणे आणि कानी पडणारे गाण्याचे शब्द यांना मेंदूत एकाच अरुंद दारातून जावे लागते. म्हणून परिचित भाषेतील गीत चालू असता वाचन आणि पाठांतर अडखळते, असे प्रयोगांत वारंवार आढळले आहे. नुसत्या वाद्यसंगीताचा त्रास कमी होतो. विचाराच्या खेळात चित्रपटगीत आड येते आणि सतारीचा वा बासरीचा संथ आलाप बहुधा आड येत नाही, याचे कारण हेच.

घाईच्या खेळात अडचण आणखी वेगळी. तेथे ध्वनी हाच हेर असतो. शत्रूची पावले डावीकडून वाजली की उजवीकडून, यावर जीव अवलंबून. कानात गाणे भरून असे खेळणे म्हणजे पहारेकऱ्याला स्वतःच झोपविणे होय. कान भरलेला मनुष्य बाहेरच्या जगालाही मुकतो. मार्च २०१९ मध्ये हिंगोली येथे रेल्वेच्या रुळांजवळ पबजी खेळण्यात गढलेले दोन तरुण गाडीखाली सापडून मृत्यू पावले. गढून जाणे जिवावर बेतले. त्यात आणखी भर कशाला घालावी?

मग संगीत लाभदायक केव्हा? १९९३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकलेल्या विद्यार्थ्यांनी आकृतींची कोडी अधिक चांगली सोडविली. लोकांनी यावरून संगीताने बुद्धी वाढते असा डांगोरा पिटला. वस्तुतः तो परिणाम पाव तासापलीकडे टिकला नव्हता. आणि पुढील अभ्यासकांनी दाखविले की, त्याचे कारण मनाला आलेली तरतरी हे होय. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या विद्यार्थ्यांनी संगीत कोड्यांच्या आधी ऐकले होते, कोडी सोडविताना नव्हे. त्यावरून आपणही हाच नियम घ्यावा: डावापूर्वी ऐकावे, डावानंतर मनसोक्त ऐकावे, आणि डावात, ऐकावयाचेच तर, शब्दाविण ऐकावे.

संगीत आणि युद्धखेळ यांचे वैर नाही, हे सांगावयास अठराव्या शतकातील फिलिडोर पुरेसा आहे. तो संगीतिकांचा नामांकित रचनाकारही होता आणि बुद्धिबळांतील आपल्या काळचा अग्रणीही. उलट, गोंगाटाची सवय व्हावी म्हणून रशियाचा बॉटविनिक सरावाचे डाव मुद्दाम रेडिओ लावून खेळे. १९४८ साली तो जगज्जेता झाला. पण त्याने रेडिओ लावला तो सुखासाठी नव्हे, तर त्यावाचूनही मन स्थिर ठेवण्याच्या तालमीसाठी, हे विसरू नये.

मद्य आणि संगीत यांतील हा भेद आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा पंचशील शेकडो वस्त्यांतून घरोघरी पोहोचले. त्यातील पाचवे शील मद्य वर्ज्य करते, आणि त्याचे कारण एका शब्दात देते: ते 'प्रमादा'चे स्थान आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचा नियम मात्र गृहस्थाच्या पाच शीलांत नाही. उपोसथाच्या दिवशी जो आठ शीले पाळतो, त्याच्यासाठी तो आहे. एक गोष्ट सर्वकाळ टाळावयाची, दुसरी विशेष एकाग्रतेच्या दिवशी. युद्धखेळाच्या पटावर याहून नेमका नियम मला सुचत नाही.

आपल्या नगरीची कन्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्यानंतर ज्या घरांतून बुद्धिबळांचे पट नव्याने मांडले गेले असतील, तेथील आईबापांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलगा खेळून उठला म्हणजे 'जिंकलास की हरलास?' असे विचारू नका, 'कोठे चुकले?' असे विचारा. उत्तर नीट सांगता आले, तर गाण्यावरून त्याच्याशी भांडू नका. घरातील मोठ्या माणसांनीही पेल्यासह बसून खेळलेल्या रात्रीनंतर, सकाळी चहाच्या वेळी, तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.