झोपूनही थकवा का जात नाही?

कापसाची आवक वाढली की हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या हिशेबनिसाला उसंत नसते. काट्यापुढे गाड्यांची रांग, हातात वजनाच्या पावत्या, खिशात सतत वाजणारा फोन. हंगाम ओसरतो, तो दोन दिवस पोटभर झोपतो, तरी सोमवारी अंग उठत नाही.

ताण आला की मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते, माणूस तरतरीत राहतो. काम संपल्यावर हे शमायला हवं. पण डोक्यात उद्याचा हिशेब सुरूच असेल तर काम संपल्याचं शरीराला कळत नाही. गाडी थांबली, पण जू बैलाच्या मानेवरच! झोप उथळ होते, चिडचिड वाढते.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या थकलेल्या कार्यकर्त्यांवर लिहिताना अशा थकव्याला बर्नआउट म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटना याला आजार मानत नाही, कामाशी जोडलेली स्थिती मानते. हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणजे नुसती विश्रांती पुरत नाही; कामाची पाळी आटोक्यात आणणं, जोडीला माणूस देणं मालकाच्याही हातात आहे.

संध्याकाळी फोन बाजूला ठेवून वणा नदीकाठी फेरी मारली, गप्पा झाल्या, तर मन कामातून सुटतं. मात्र कामाबाहेरही कशातच गोडी उरली नसेल तर ते नैराश्य असू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.