वेग नव्हे, उष्णता

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्यानंतर ९ दिवसांनी डीआरडीओच्या हैदराबादमधील डीआरडीएल या प्रयोगशाळेने स्क्रॅमजेटचा, म्हणजे वेगाने समोरून घुसणाऱ्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाचा, ज्वलनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून अधिक काळ पेटता ठेवला. ही दुसरी बातमी वाचून अनेकांना भारताचे हायपरसॉनिक टेहळणी विमान दिसू लागले. यश मोठेच आहे. विमान मात्र अजून फार लांब आहे.

३० किलोमीटर उंचीवर मॅक ६, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटर. बेलोऱ्याहून अकोल्याच्या शिवणी विमानतळावर ४० सेकंदांत. पण वळायचे कसे? वैमानिकाने स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार सोसला, तरी अकोल्यावर वळू लागलेले विमान उलटे फिरेपर्यंत हैदराबादजवळ पोचेल.

त्याहून अवघड आहे ती उष्णता. अकोल्याचा ४५ अंशांचा मे महिना आपण दरवर्षी सोसतो. या वेगात विमानाच्या नाकापुढे दबलेली हवा दीड हजार अंशांच्या घरात जाते, आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. म्हणून इंधन आधी ज्वलनकक्षाच्या भिंतींतून खेळवायचे, भिंती थंड ठेवायच्या आणि मग तेच इंधन जाळायचे. डीआरडीएलची खरी कमाई ही आहे. टेहळणीचा कॅमेरा तर काचेतूनच पाहणार, आणि काचेबाहेरची तापलेली हवा चित्र बिघडवणार.

शिवाय स्क्रॅमजेट उभ्या जागी सुरू होत नाही. ७ सप्टेंबर २०२०च्या चाचणीत एचएसटीडीव्ही या भारताच्या हायपरसॉनिक चाचणी-यानाला रॉकेटनेच वर न्यावे लागले. स्क्रॅमजेट २० सेकंदांहून थोडे अधिक चालले. क्षेपणास्त्राचे अशा रॉकेटवर भागते, कारण त्याला परतायचे नसते. विमानाला धावपट्टीवर उतरून, तपासणी होऊन पुन्हा उडायचे असते.

आपल्या हवाई दलाने १९८१ ते २००६ बरेलीहून मिग-२५ची टेहळणी विमाने उडवली. ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगासाठी त्यांचा सांगाडा मुख्यतः पोलादाचा होता. सुटे भाग दुर्मिळ झाले, उपग्रहांची नजर तीक्ष्ण झाली आणि ती निवृत्त झाली. हे पाहता मला वाटते, आज विमानाच्या घोषणेपेक्षा उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंवर आणि सिरॅमिक लेपांवर पैसा लागला पाहिजे.

अमरावती-अकोल्यात बारावीनंतर संगणक शाखेसाठीच रांग लावणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी धातुशास्त्राचाही विचार करावा. नागपूरच्या व्हीएनआयटीत तो विभाग आहे.