नव्या घराचा आराखडा : काही विचार

कुटुंबासाठी घर बांधताना आराखड्याचा प्रारंभ बहुधा खोल्यांच्या संख्येपासून होतो. वस्तुतः तो घरातील माणसांच्या दिनक्रमापासून व्हावयास हवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (२०१६) मुख्य खोलीचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौ.मी. व रुंदी २.४ मी. असावी, परंतु पलंग, कपाट आणि उघडणारे दार कागदावर प्रमाणात मांडून पाहिले, की ही जागा किती अपुरी आहे ते कळते.

महाराष्ट्रात दक्षिणेचे ऊन उंचावरून येत असल्याने छज्जा ते अडवतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र थेट आत शिरते. म्हणून त्या बाजूस जिना वा कोठीची खोली असणे श्रेयस्कर. (वास्तुशास्त्राच्या आग्रहापायी शयनगृह नैर्ऋत्येस जाते आणि उन्हाळ्यात तेच सर्वाधिक तापते!)

सर्वांत उपेक्षा होते ती वार्धक्याची. दुमजली घरात तळमजल्यावर शयनगृह व त्यास लागून शौचालय नसेल, तर जिना न चढवणाऱ्या आईवडिलांचा बिछाना अखेर दिवाणखान्यात येतो. चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मि.मी. हवी, न्हाणीघराची दारे मात्र बहुधा ७५० मि.मी.चीच ठेवली जातात. ती पुढे रुंद करावयाची तर चौकटीसह भिंत फोडावी लागते.